ठोकळ्यांचा कोपरा

सिव्हिलच्या थर्ड इयरला असलेली मुलगी बालवाडीवर लेख देते म्हटल्यावर आपल्या संपादक मंडळाने जरा विचित्र नजरेनेच पाहिलं. पण मित्रमैत्रिणींनो, विषय आपलाच आहे, बरं का! भार, आधार, तोल, टॉलरन्स, फ्लोअर प्लॅन, स्टोरेज... सगळं यात येतं. फक्त वापरणारा माणूस तीन वर्षांचा असतो आणि त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही.

आमचं गाव शिरूर कासार. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, सिंदफणेच्या काठावरचं. तालुक्यातल्या एका वाडीवर माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे. गेल्या जूनमध्ये परीक्षा संपवून घरी गेले, तर ती म्हणाली, "इंजिनिअर व्हायलीस ना? मग लेकरांना ठोकळ्यांचा कोपरा करून दे." ही मागणी कुठून आली, तर सेविकांच्या एका प्रशिक्षणातून. वर्गात कोपरे करा असं तिथे सांगतात: बाहुलीघराचा, चित्रांचा, गोष्टींच्या पुस्तकांचा आणि ठोकळ्यांचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे के.जी.ला एक ‘ब्लॉक कॉर्नर’ होता, पण तो असा का मांडलेला असतो हे चार वर्षांच्या वयात कोण विचारतो? ते आता विचारलं.

ठोकळे नसतात असं नाही. शासनाकडून अंगणवाड्यांना शालापूर्व शिक्षणाच्या साहित्याचा संच येतो. त्यात रंगीत ठोकळे असतात. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत (कुठली ते सांगत नाही) ते कपाटात होते, मूळ पिशवीत, आणि कपाटाला कुलूप. तिथल्या बाईंना नावं ठेवणं सोपं आहे. पण संच डेडस्टॉक रजिस्टरला चढलेला असतो. दोन तुकडे हरवले की तपासणीला आलेल्या साहेबांना उत्तर कोण देणार? आपल्या वर्कशॉपमध्ये नवा व्हर्निअर कॅलिपर मुलांच्या हातात का देत नाहीत, ते आठवा. कारण तेच. त्यामुळे कोपरा करायचा म्हणजे पहिला प्रश्न असा: हरवले, फुटले तरी चालतील असे ठोकळे आणायचे कुठून?

त्याआधी थोडा इतिहास, कारण तो खरोखर इंटरेस्टिंग आहे.

जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. हा माणूस आधी वास्तुशास्त्राकडे वळला होता, पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांच्या संग्रहालयात काम करत होता. म्हणूनच की काय, त्याने मुलांसाठी बनवलेली खेळणी एकदम भूमितीची आहेत. एक लाकडी घन, तो उघडला की आत आठ छोटे घन. दुसऱ्या संचात तोच घन आठ पातळ विटांमध्ये विभागलेला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने हे संच पाहिले आणि आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे फ्रँक लॉइड राइट! त्या ठोकळ्यांचा आपल्यावर काय परिणाम झाला हे त्याने म्हातारपणीही सांगितलं. आर्किटेक्चरवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

फ्रोबेलचे ठोकळे मात्र टेबलावर मांडायचे, एक एक इंचाचे. मुलं जमिनीवर बसून दोन्ही हातांनी उचलतात तो मोठा ठोकळा न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट यांचा. १९१४ मध्ये त्यांनी तिथे शाळा सुरू केली. त्यांच्या ठोकळ्याचं माप आजही जगभर तेच आहे: साडेपाच इंच, पावणेतीन इंच, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच. म्हणजे साधारण १४ बाय ७ बाय ३.५ सेंटिमीटर. गुणोत्तर ४:२:१. दोन जाड्या म्हणजे एक रुंदी, दोन रुंद्या म्हणजे एक लांबी. आपण ब्रिक बाँड शिकताना हेडर आणि स्ट्रेचर जुळवतो, त्यातली ही अगदी शुद्ध वीट. यालाच ‘एकक’ म्हणायचं. बाकी सगळे तुकडे याच्याच पटीत: अर्धा, दुप्पट, चौपट. तीन वर्षांच्या पोराला गुणोत्तर कळत नाही, पण दोन अर्धे एका पुऱ्याशेजारी ठेवले की टोकं बरोबर जुळतात, हे त्याच्या हाताला कळतं. पाढे यायच्या कितीतरी आधी.

आता महाराष्ट्रात या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीचं साहित्य सुंदर, पण महागडं. ते खेड्याला परवडणार नाही हे ताराबाईंनी ओळखलं. मग गारगोट्या, बिया, शिंपले, काड्या, माती हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची, यातूनच अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या.

असो. आपल्याला हवं ते यात मिळालं: माप प्रॅटबाईंचं, लाकूड ताराबाईंच्या पद्धतीने, म्हणजे गावातलंच.

आमच्याकडे जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर मातीचा थर. आता माळवद मोडून स्लॅब टाकायची रीत पडली आहे, त्यामुळे जुनं लाकूड पडून असतं किंवा चुलीत जातं. पन्नास-साठ वर्षं छपरात राहिलेलं लाकूड इतकं वाळलेलं असतं की ते आता वाकत नाही, आकसत नाही. आपल्या मटेरिअलच्या पुस्तकात सीझनिंगवर पानं भरून मजकूर आहे, इथे ते काळानेच करून ठेवलंय. दोन गोष्टी मात्र पाहायच्या. खिळे सगळे उपटायचे, आणि रंग दिलेलं लाकूड घ्यायचं नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि लेकरं ठोकळा आधी चाखतात, मग रचतात.

हिशोब केला तो असा: ४० एकक, २४ अर्धे, १६ दुप्पट, ६ चौपट. सगळ्यांचं मिळून १०८ एककांइतकं लाकूड. ७ बाय ३.५ सेंटिमीटरची पट्टी काढली तर लांबी साधारण ५० फूट. घनफळ सव्वा घनफुटाच्या थोडं वर, रंध्यात आणि करवतीत जाणारं धरून दोन घनफूट. एका एककाचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, पूर्ण संच सुमारे २४ किलो. एका वेळी चार-पाच मुलं खेळणार असतील तर एवढे पुरतात. याहून कमी केले तर रचणं कमी आणि ओढाओढी जास्त. ठोकळ्यांच्या कोपऱ्यातली बहुतेक भांडणं स्वभावाची नसतात, तुटवड्याची असतात. (मेसमध्ये पनीरच्या दिवशी पाहा.)

काम केलं ते आमच्या आळीतल्या सुतारमामांनी. मी ड्रॉइंग दिलं, तिन्ही व्ह्यू काढून. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ताई, दोन अर्धे म्हंजी पुरा एक, आसंच ना?" मी हो म्हटलं. "मग हे अर्धे पुऱ्यातून कापायचे न्हाईत. करवत बी लाकूड खातीया." बघा! करवतीच्या पात्याची जाडी दोन-तीन मिलिमीटर धरा. १४ चा तुकडा मधोमध कापला तर प्रत्येक अर्धा दीड मिलिमीटरपर्यंत कमी भरतो. मुलाने आठ अर्धे ओळीने लावले की चार पुऱ्यांपेक्षा ती ओळ एक सेंटिमीटर आखूड. मग त्याने टाकलेला पूल एका टोकाला बसतो आणि दुसऱ्या टोकाला निसटतो, आणि ते लेकरू समजतं आपलंच चुकलं. मामांनी लाकडाची एक अडणी ठोकली, तिला टेकवून प्रत्येक तुकडा स्वतंत्र कापला, प्रत्येकाला गुण्या लावून पाहिला. कडा पॉलिशपेपरने मोडल्या, पण अगदी थोड्या; जास्त गोल केल्या तर ठोकळा ठोकळ्यावर बसत नाही. वॉर्निश नाही, रंग नाही.

आता जागा. मावशीची खोली साधारण १५ बाय १२ फूट. त्यातच वजनकाटा, कपाट, आहाराची भांडी, आणि दुपारी खिचडीची पंगत. कोपऱ्याला मिळाली ६ बाय ५ फूट जागा. ती कुठली निवडायची याचे नियम अगदी साधे आहेत. दारापासून लांब, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागला की बुरूज गेला. दोन बाजूंना भिंत असलेला खरा कोपरा, म्हणजे दोनच बाजू सांभाळाव्या लागतात. गोष्टींच्या पुस्तकांपासून दूर, कारण शहाबादी फरशीवर लाकूड पडलं की जो आवाज होतो त्यात गोष्ट ऐकू येत नाही. भातुकलीच्या जवळ मात्र चालतं. घर बांधलं की स्वयंपाक लागतोच. खाली सतरंजी टाकायची तर ती ताणून, घडी राहता कामा नये. आम्ही उघडी फरशीच ठेवली. तिला दाराकडे उतार आहे, मीटरला एक सेंटिमीटर, धुतलेलं पाणी जावं म्हणून. मावशीला शंका होती की त्याने मनोरे पडतील. पडत नाहीत. ७० सेंटिमीटर उंच मनोऱ्याचा गुरुत्वमध्य त्या उताराने साडेतीन मिलिमीटर सरकतो, आणि आडवे ठेवलेले ठोकळे धरले तर पायाच्या मध्यापासून कडेपर्यंत ३५ मिलिमीटर आहेत. मनोरा पडतो तो प्रत्येक ठोकळा थोडा थोडा एकाच बाजूला सरकत गेल्यामुळे.

याची एक गंमत हॉस्टेलवर करून बघा. एकाच मापाची चार जर्नल्स घ्या. सगळ्यात वरचं खालच्याच्या पुढे अर्ध्या लांबीने सरकवा, त्याखालचं पाव लांबीने, मग सहाव्या भागाने, मग टेबलाच्या कडेबाहेर आठव्या भागाने. बेरीज येते पंचवीस चोविसांश! म्हणजे वरचं जर्नल पूर्णपणे टेबलाच्या बाहेर हवेत, आणि तरी पडत नाही. मात्र हात थरथरला तर पडेल, एवढी ती बेरीज काठावरची आहे. अंगणवाडीतली पाच वर्षांची एक मुलगी अडीच ठोकळ्यांपर्यंत पोचली होती, बेरीज न करता.

मांडणीत सगळ्यात महत्त्वाचं फळीचं कपाट. बुटकं, उघडं, मुलांच्या छातीपेक्षा खाली, आणि भिंतीला क्लॅम्पने पक्कं केलेलं, कारण कोणीतरी त्यावर चढणारच. जड तुकडे खालच्या फळीवर. ठोकळे लांबीकडून दिसतील असे ठेवायचे. टोकाकडून सगळे सारखेच दिसतात. प्रत्येक आकाराची बाह्यरेषा कागदावर कापून फळीवर चिकटवायची, म्हणजे आवरताना मूल स्वतः जुळवून ठेवतं. अक्षर येत नसलं तरी आकार वाचता येतो. पोतं किंवा टोपली अजिबात नको. पोत्यातला ठोकळा ओतला जातो, फळीवरचा निवडला जातो. कपाटापासून एक फूट अंतरावर खडूची रेघ, रेघेच्या आत बांधकाम नाही; नाहीतर एक जण बांधतो आणि बाकीच्यांना ठोकळे घ्यायला त्याच्या घरातून जावं लागतं. उंचीचा नियम एकच: आपल्या खांद्याएवढं. फेकलेला ठोकळा त्या दिवसापुरता कपाटात जातो. बास, एवढे नियम पुरतात.

आणि वेळ. पंधरा मिनिटं दिली तर मुलं ठोकळे काढतात आणि आवरतात. पाऊण तास तरी हवा. न्यूयॉर्कमध्येच लहान मुलांची शाळा चालवणाऱ्या हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये मुलांचं रचणं कोणत्या टप्प्यांनी पुढे जातं ते लिहून ठेवलं. आधी मूल ठोकळे नुसतेच इकडून तिकडे नेतं. मग ओळी आणि थर. मग दोन उभे, एक आडवा: पूल. मग चारही बाजूंनी बंद केलेली जागा. मग नक्षी. त्यानंतर बांधलेल्याला नाव, आणि शेवटी आधी ठरवून खऱ्या गोष्टीची प्रतिकृती. मावशीच्या अंगणवाडीत मी पंधरा दिवस बसून हे पाहिलं. तीन वर्षांचा एक जण पहिले चार दिवस फक्त वाहतूक करत होता, कपाटापासून भिंतीपर्यंत आणि परत. त्याला ‘घर कर बरं’ म्हणायचा मोह होतो, मदतनीस ताईंना तर फारच व्हायचा. म्हणायचं नाही. पाचव्या दिवशी त्याने सहा दुप्पट एका रेषेत लावले आणि त्यांच्यावरून चालून दाखवलं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो दुसराच मुलगा, पाच वर्षांचा. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि पाडव्याच्या आसपास परततात. लेकरं बरोबर जातात. अंगणवाडीचा पट निम्म्यावर येतो. हा मुलगा असाच एप्रिलमध्ये परत आलेला. तो कोणाशी बोलत नव्हता, गाणी त्याला येत नव्हती, बडबडगीतांच्या वेळी दाराशी उभा राहायचा. ठोकळ्यांपाशी मात्र बसला. त्याने दोन चौपट समांतर ठेवले, मध्ये फट, फटीवर आडवे अर्धे. एका बाजूला एक उभा एकक. मी विचारलं, "हे कसं उभं केलंस?" (‘काय आहे’ असं विचारायचं नाही, हे मावशीने शिकवलेलं, ‘काय’ला मुलं घाईने काहीतरी ठोकून देतात.) तो म्हणाला, "गाडी हितून चढती. मग आकडा येतो." तो कारखान्याचा काटा होता. वजनकाटा, टायरगाडी, बाजूला ओळीने कोप्या. मग बाकीची तिघं येऊन विचारायला लागली की गाडी कुठे थांबते, बैल कुठे बांधायचे. त्याला सगळं माहीत होतं. अर्धा तास तो त्यांना सांगत होता.

मावशीने ते मोडू दिलं नाही. ही गोष्ट एका खोलीच्या अंगणवाडीत अवघड असते, कारण पंगत बसवायची असते. त्यासाठी मामांनी जुन्या दाराच्या फळ्यांचा एक मोठा पाट करून दिलाय, तीन फूट बाय दोन फूट. मोठं काही बांधायचं असेल तर त्यावर बांधायचं, आणि खिचडीच्या वेळी दोघींनी पाट अलगद भिंतीकडे सरकवायचा. दुसऱ्या दिवशी काटा तसाच होता, आणि त्या दिवशी त्याला चिमणी आली.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा टोळ्या निघायच्या गडबडीत होत्या. मावशीने माझ्याकडे अजून एक काम काढून ठेवलं होतं. आपले ठोकळे कुठल्याच रजिस्टरला नाहीत, मग ते बरोबर गेले तर कोणाला काय अडचण आहे? कुरणशाळेची गोष्ट मी तिला सांगितली होती, ती तिच्या डोक्यात बसली असावी. आम्ही कापडी पिशव्या शिवल्या. पहिला हिशोब होता १२ एकक, ८ अर्धे, ४ दुप्पट. साधारण साडेपाच किलो. त्या मुलाच्या आईने पिशवी हातात तोलून पाहिली आणि परत दिली. गाडीत आधीच पत्रे, भांडी, बाजरीचं पोतं, शेळी. मग ८ एकक, ८ अर्धे आणि २ दुप्पट केले, साडेतीन किलोच्या आसपास. तेवढं तिने घेतलं. अशा काही पिशव्या गेल्या आहेत.

फळीवर आता मोकळ्या बाह्यरेषा दिसतात, कुठले किती गेले ते एका नजरेत कळतं. मावशी म्हणते पाडव्याला निम्मे तरी परत येतील, बाकीचे तिकडे चुलीत जातील किंवा दुसऱ्या कोणाच्या लेकराकडे राहतील. मामांनी त्याआधीच वीस फूट पट्टी रंधून ठेवली आहे.